कुंदाने लावलेली पाच निशाणं

कुंदे, माणसाने जाताना निदान आपला गजर तरी बंद करून जावं.

तुझं ते पळण्याचं घड्याळ तुझ्या मागेही रोज पहाटे पाचला शोकेसच्या काचेवर थरथरायचं. आवाज असा यायचा, की आत कोणीतरी थंडीने दात वाजवत बसलंय. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे अहो झोपेतच म्हणाले, "कुंदा, बंद कर गं ते," आणि मग उठून बसले. हे त्यांनी मला दहाव्याला सांगितलं, रामकुंडावरून परत येताना, रिक्षात. मला हसू आलं. आधी हसले, आणि मग अशी घाबरले, की गंगापूर रोड येईपर्यंत रिक्षाची दांडी सोडली नाही. भावोजी म्हणाले, "शालनताई, तुम्हाला येतं का हो ते बंद करायला?" मला! मिक्सरचं झाकण मला नीट लावता येत नाही, हे तू अख्ख्या नाशकाला सांगून ठेवलेलं आहेस.

तू मटार सोलताना गेलीस. हे सांगितलं की लोकांचा विरस होतो. एवढी पळणारी बाई, म्हणजे त्यांच्या मते तू निदान एखाद्या कड्यावरून तरी जायला हवी होतीस. मी सांगते, नाही हो, मटार. अर्धी परात सोलून झाली होती. त्याच सकाळी घड्याळाने तुझी नाडी, झोप, श्वास सगळं तपासून हिरवा शेरा दिला होता. भावोजींनी तो मला दाखवला. "सगळं ठीक होतं हो," ते म्हणाले, जणू घड्याळाची तक्रार कुठे करायची ते मला माहीत असणार. कुंदे, तेव्हापासून मी छातीवर हात ठेवून झोपते. आतलं ठकठक ऐकू आलं की भीती वाटते, आणि नाही आलं की जास्त.

आपलं शेवटचं बोलणं म्हणजे भांडणच होतं. आदल्या संध्याकाळी तू हरसूलच्या रस्त्यावरून फोन केलास. मी दुकानात होते. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचे भाड्याने दिलेले कपडे परत आले होते आणि मी वाघाची शेपटी शोधत होते.

"शाले, रविवारची सगळी निशाणं लावून आले. त्यातली पाच खास तुझ्यासाठी. वेगळी वाट. अगदी सोपी."

"माझ्यासाठी? मी शेवटाला बसणारी बाई आहे."

"पुष्कळ बसलीस. ऊठ आता."

"मला भीती वाटते, कुंदा. खोटी नाही, खरी."

"मग घाबरत जा. भीती वाटली की जायचं नाही, असा नियम कुठाय?"

"मी नाही जायची. काय करायचं ते कर."

"बघू," तू म्हणालीस आणि फोन कट झाला. रेंज गेली की तू ठेवलास, ते कळायला आता काही मार्ग नाही.

तेराव्याला आलेल्या बायकांना तुझा खेळ मलाच समजावून सांगावा लागला. हातात नकाशा, गळ्यात होकायंत्र. रानात कोणीतरी आधी जाऊन केशरी-पांढरी कापडी निशाणं टांगून ठेवतं, ती नकाशावरच्या क्रमाने शोधत पळायचं. तुझ्या मावशीने विचारलं, "सापडलं की काय मिळतं गं?" मी म्हटलं, "पुढचं निशाण." मावशी म्हणाल्या, "संसारासारखंच की," आणि जिलबी मागून घेतली.

आपल्या दहा-बारा जणांच्या गटाचे दोन नियम मात्र मी त्यांना सांगितले नाहीत. एक, ज्याने निशाणं लावली त्यानेच ती काढून आणायची. दुसरा, वाट पूर्ण होवो वा न होवो, प्रत्येकाने शेवटाला येऊन हजेरी द्यायचीच. अर्ध्यातून कंटाळून सरळ घरी गेलं तर चालत नाही, कारण बाकीचे बिचारे अंधार पडेपर्यंत रानात हाका मारत फिरत राहतात. आणि शेवटाला बसलेल्या माणसाने सगळे आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. ती खुर्ची माझी. घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि तुझ्या शाळेतली जुनी पितळी घंटा. "येत आहेत, येत आहेत, करवंदीच्या जाळीशी कुस्ती करून, पँटचा एक पाय रानाला अर्पण करून, जाधवसर येत आहेत!" ठण्ण! "पोहोचले!" ते काम मी इतकं मन लावून करायचे, की रानात शिरायची वेळच यायची नाही. तुला ते कळत होतं. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, फक्त दर वेळी एक नकाशा जास्तीचा छापून आणायचीस आणि माझ्या खुर्चीखाली ठेवायचीस. मी त्याचा पंखा करायचे.

तुझी यंत्रं मला आवडायची, कारण त्यात मला काम असायचं. प्रयोगातल्या उंदराचं. दोन्ही मनगटांवर दोन वेगळी घड्याळं बांधून तू मला गंगापूर धरणाच्या रस्त्याने पळवलंस आणि परत आल्यावर दोघांचं भांडण लावलंस. बुटावर लावायचा तो बटणाएवढा डबा, कानाच्या मागच्या हाडातून गाणं ऐकवणारी ती कडी, सगळं आधी माझ्यावर. आणि तो छातीचा पट्टा! मी दुकानातला शिपायाचा नायलॉनचा अंगरखा घालून आले होते, सवयीने, हाताला लागला तो. चार पावलं पळाले आणि तुझ्या फोनवर माझी नाडी अशी उसळली, की तू रस्त्यातच मला आडवी केलीस. पाय वर धरलेस, बाटलीभर पाणी तोंडावर ओतलंस आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरडून सांगू लागलीस, "बाजूला व्हा, हिला हवा लागू द्या!" मी खाली पडल्या पडल्या म्हणत होते, "अगं, मला काही होत नाहीये." तू म्हणालीस, "गप्प, तुला कळत नाहीये, तू जातेयस!" नंतर उमगलं. नायलॉन अंगाला घासून जी वीज तयार होते, तिला तो पट्टा माझं काळीज समजत होता. सगळी हयात शाळेत विज्ञान शिकवलेली बाई तू.

मी विचारायचे, स्पर्धेत तर ही घड्याळं बघू देत नाहीत, मग कशाला? तू म्हणायचीस, "पळताना बघायचंच नाही. नंतर बघायचं." घरी गेल्यावर तू सगळ्यांच्या वाटा नकाशावर उमटवून दाखवायचीस. कोण कुठून गेलं त्याची बारीक लाल रेघ. जिथे माणूस हरवून जागच्या जागी फिरला, तिथे रेघेचा गुंता व्हायचा, पिशवीत दोरा अडकतो तसा. तू त्यावर बोट ठेवायचीस आणि हळूच म्हणायचीस, "जाधवसर, इथे घाबरलात ना?" तुझी रेघ कायम सरळ. मला तिचा रागच यायचा.

एकदाच वाकडी झाली. रामशेजच्या पायथ्याशी. तू सगळी यंत्रं एकाच कंबरपट्ट्यात कोंबली होतीस, चुंबकाच्या झाकणाचा फोन आणि त्याला चिकटून होकायंत्र. अर्धा तास आपण उत्तरेला जात होतो. मी मागून ठेचकाळत होते, कारण तू मला "नुसतं चालायला" म्हणून आणलं होतंस. संध्याकाळ झाली. तू थांबलीस, होकायंत्राकडे पाहिलंस, आभाळाकडे पाहिलंस, पुन्हा होकायंत्राकडे पाहिलंस आणि गंभीरपणे म्हणालीस, "शाले, सूर्य चुकलाय."

मग तुझं तुलाच कळलं आणि तू बांधावर बसून पोट धरून हसलीस. चुंबकाने सुई उलटवली होती. लाल टोक खुशाल दक्षिण दाखवत होतं. चुंबकाचा धडा तूच तर शिकवायचीस! दुसऱ्या दिवशी तू माझ्या मेकअपच्या पेटीतला नखांचा लाल रंग घेऊन सुईच्या पांढऱ्या शेपटीवर ठिपका दिलास. मी म्हटलं, फेक की ते. तू म्हणालीस, "कशाला? उलटं आहे एवढं माहीत असलं की झालं. मुलांना दाखवीन."

तर, कुंदे, आता ऐक.

तेरावं झाल्यावर भावोजींनी विचारलं, "ती निशाणं अजून तिकडेच असतील ना?" मोठ्या वाटांवरची जाधवसरांनी आणि इतरांनी काढून आणली होती. पाच राहिली होती. सर म्हणाले, "मॅडम, आम्ही जातो, तुम्ही कशाला?" आणि मी "हो, जा" म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. बाहेर आलं ते, "नको. ती माझी आहेत." माझ्याच तोंडातून! आम्हा नाटकवाल्यांचं होतं ना, मंचावर दुसऱ्याचं वाक्य चुकून आपण म्हणून टाकावं आणि मग ते निभवावं लागावं, तसं झालं.

भावोजींनी मनमाडच्या ड्यूटीतून एक दिवस रजा काढली. तुझ्या टेबलाच्या खणातून होकायंत्र काढून माझ्या गळ्यात घातलं, घड्याळ मनगटावर बांधलं, त्या पाच निशाणांचा नकाशा हातात दिला. मोठं बटण दाबलं की ते पळणं मोजायला लागतं, एवढं मला माहीत होतं. हरसूलच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या त्या आंब्याखाली त्यांनी माझी खुर्ची मांडली आणि स्वतः तिच्यात बसले. मांडीवर घंटा. इस्त्रीचा शर्ट घातलेला, रेल्वेतला माणूस, गाडी कधी सुटेल याची वाट बघत असल्यासारखा.

"किती वेळ लागेल?"

"कुंदा म्हणाली असती पाऊण तास."

"मग मी दीड धरतो," ते म्हणाले. तू गेल्यानंतरचा त्यांचा पहिला विनोद, आणि तोही माझ्यावर.

मी बटण दाबलं आणि शिरले.

पहिलं निशाण बैलगाडीच्या वाटेवर मोरीपाशी होतं. दुसरं ओहोळाच्या काठाने गेलं की समोरच. खरंच सोपी लावली होतीस गं. मी दोन्ही काढून पिशवीत टाकली आणि मला वाटलं, आपण उगाच घाबरलो. तिसऱ्यासाठी वाट सोडायची होती. होकायंत्र धरून उत्तरेला, सागाच्या झाडीतून सरळ.

सागाची पानं या दिवसांत कशी वाळलेली असतात, तुला माहीत आहे. परातीपरातीएवढी. एक पाऊल टाकलं की असा आवाज होतो, की मागून दुसरं कोणीतरी येतंय. मी थांबले की तेही थांबे. मी मागे वळून म्हटलं, "कोण आहे?" आवाज माझाच, पण नाटकातल्या भित्र्या नोकराचा. बिबट्या डोळ्यांसमोर उभा राहिला. दुकानातला नाही, शेपटी असलेला. मी भरभर चालू लागले, मग पळू लागले. मनगटावर घड्याळ थरथरलं. नाडी फार वाढली की ते तसं सांगतं. ते तुझ्या काळजाची काळजी करत होतं, आणि त्याच्याखाली धडधडत होतं माझं. त्याला कोण सांगणार? मला तुझी परात आठवली. अर्धी सोललेली. मी थांबले, झाडाला पाठ लावली, आणि कुंदे, तिथे मला इतकी भीती वाटली, की मी रडलेसुद्धा नाही. निशाण नाही, ओहोळ नाही, नकाशावरचा उंचवटा नाही. इथे मी पडले तर मला कोण शोधायला येईल? इस्त्रीच्या शर्टातले भावोजी? मी दहा पावलं इकडे गेले, दहा तिकडे, पुन्हा त्याच झाडाशी आले. तुला हाक मारली. मोठ्याने. नंतर इकडे तिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

आणि ऊन डोळ्यांवर येत होतं. सकाळचं, तिरकं. मी चष्मा सारखा केला, हात आडवा धरला. उत्तरेला तोंड करून उभी होते ना मी? मग सकाळचं ऊन थंडीच्या दिवसांत तोंडावर कसं?

माझ्या तोंडून निघालं, "सूर्य चुकलाय."

होकायंत्र अगदी डोळ्यांशी नेलं. सुईच्या पांढऱ्या शेपटीवर विटलेला लाल ठिपका होता. माझ्याच नखांच्या रंगाचा. भावोजींनी खणातलं हाताला लागलं ते घातलं होतं गळ्यात. चांगलं बहुतेक तुझ्या बुटांच्या पिशवीत असेल, तिथे बघायचं त्या माणसाला काय माहीत. मी झाडाखाली बसले आणि हसले, कुंदे. पोट धरून, पानांवर लोळायची बाकी. घड्याळ पुन्हा थरथरलं. मी त्याला म्हटलं, "गप्प बस, तुला कळत नाहीये."

मग मी ठिपक्याला उत्तर मानलं आणि आले तशी मागे गेले, ओहोळ ओलांडून पलीकडे. भीती गेली नव्हती. तसं काही होत नसतं. फक्त ती आता माझ्यासोबत एका दिशेने चालत होती.

तिसरं निशाण एका मोठ्या शिळेपाशी लटकत होतं. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. खाली नारळाची कवड आणि झेंडूचं सुकलेलं फूल. मी जागेवर थिजले. तेवढ्यात मागे खरंच पानं वाजली. मी किंचाळले. सरपणाचा भारा घेतलेली एक म्हातारी माझ्याकडे बघत उभी होती.

"काय झालं वं बाई? एवढी वरडायला?"

"काही नाही, आजी. हे... हे कुंकू कोणी लावलं?"

"आमीच. कपडा बांधलेला दिसला. म्हनलं कुनी नवस केला आसंल. देवाचं हाय, हात नाय लावला."

"आजी, हे देवाचं नाही. खेळातलं आहे. काढून नेऊ का?"

तिने थोडा विचार केला. "ती पळनारी बाई बांधून गेली का हे? सावळी, केस बारीक कापलेली?"

"हो. तीच."

"लय पळती ती. येक दिस मला म्हनली, आजी, भारा दे, मी नेते. घेतला डोक्यावर आन् पळाया लागली! मला म्हातारीला मागं पळवलं." ती हसली. वरचा एकच दात. "आज नाय आली?"

कुंदे, मी मंचावर कधी वाक्य विसरलेले नाही.

"नाही आली," मी म्हटलं.

"मंग सांग तिला. एकलीनं पळू नको म्हनावं. पळनाऱ्याच्या मागं जनावर लागतं. चालत जायाचं."

"सांगते, आजी."

तर सांगितलं बाई तुला. एवढ्यासाठीही मी हे लिहायला बसले. तिने निशाण स्वतःच्या हाताने सोडवून दिलं. नारळाची कवड मात्र तिथेच ठेवली, मी उचलू का विचारलं तर डोळे वटारले.

चौथं आणि पाचवं मिळालं. कसं, ते विचारू नकोस, उलट्या होकायंत्राने शोधलंय, सापडलं याचेच उपकार मानते आहे. परत येताना घंटा ऐकू येऊ लागली. सलग. भावोजी थांबतच नव्हते. ते उभे राहून, शर्ट पाठीला चिकटलेला, दोन्ही हातांनी वाजवत होते. मी झाडीतून बाहेर आले तशी घंटा त्यांच्या हातून खालीच पडली.

"फार वेळ झाला हो," ते म्हणाले. "मला वाटलं..." थर्मासचा चहा त्यांनी ओतला तो अर्धा झाकणाबाहेर. कोणीच "पोहोचली" म्हणालं नाही. ते म्हणायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला स्वतःचं म्हणवेना.

खरी गंमत पुढे. गाडीने परतताना गिरणाऱ्याला रेंज आली. तुझा फोन भावोजी अजून शर्टाच्या खिशात घेऊन हिंडतात. तो वाजला, पुन्हा वाजला, आणि मग थांबेचना. झाडीतून बाहेर आल्यावर मी पुन्हा ते मोठं बटण दाबलं होतं, आणि घड्याळाने आपलं काम केलं होतं. गटातल्या झाडून सगळ्यांच्या फोनवर जाऊन पडलं होतं, की कुंदाने सकाळचं पळणं पूर्ण केलं. सोबत तुझा तो टोपीतला हसरा फोटो.

पहिला फोन जाधवसरांचा. "साहेब, माफ करा, पण ताई... ताई पळाल्या असं आलंय. मी दुधाच्या दुकानात उभा आहे. दूध घ्यायचंच विसरलो."

भावोजींनी फोन माझ्याकडे दिला. मी सरांना सगळं सांगितलं, घड्याळ तिचं, पळणारी मी. पलीकडे दुधाच्या कॅनच्या खणखणाटात सरांनी फोनवरचा नकाशा उघडला. मग सर हळूच म्हणाले, "मॅडम, ती सागाची झाडी... तिथे लाल रेघेचा मोठा गुंता दिसतोय. तिथे घाबरलात ना?"

"घाबरले, सर. खूप."

गाडी रस्त्याकडेला, टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्यांपाशी उभी होती. भावोजींनी विचारलं, "हे खोडून टाकायचं का? लोक घाबरताहेत." मी ती रेघ बघत होते. जन्मभर सरळ रेघा काढलीस, आणि तुझ्या नावावरची शेवटची माझ्या भीतीने अशी गुंतवून ठेवली. माफ कर. पण त्याखाली एक एक जण लिहायला लागला होता. सगळ्यांना आपला नियम पाठ आहे, दुसरं काही सुचलं नसेल. कुंदाताई पोहोचल्या. पोहोचल्या. पोहोचल्या.

मी म्हटलं, "राहू द्या."

घड्याळ भावोजींनी माझ्याकडेच ठेवलंय. पहाटे पाचला ते मनगटावर थरथरतं आणि रोज माझी पहिली शंका हीच असते, की हे घड्याळ आहे की मी. पण एक सांगते. दुसऱ्या रविवारी ती खुर्ची मांडली तेव्हा तिच्याखाली जास्तीचा नकाशा नव्हता. मी जाधवसरांना म्हटलं, मला एक छापून द्या. आणि पंख्यासाठी नको आहे.